खिचडीतल्या ४५० कॅलरी येतात कुठून? शालेय पोषण आहाराचं गणित सोप्या भाषेत

नोव्हेंबर २०२३ मध्ये महाराष्ट्रात ठरलं की शाळेतल्या मुलांना आठवड्यातून एकदा अंडं द्यायचं आणि जी मुलं अंडं खात नाहीत त्यांना केळं. मग जानेवारी २०२५ मध्ये नवा जीआर आला, अंड्याला आणि खिरीच्या साखरेला सरकार वेगळे पैसे देणार नाही, शाळांना द्यायचंच असेल तर लोकसहभागातून बघा. दोन्ही वेळेला व्हॉट्सॲपवर जोरदार भांडणं झाली, कोणी धर्मावर गेलं, कोणी सरकारवर, कोणी थेट खिचडी शिजवणाऱ्या मावशींवर. पण मुलाच्या ताटात काय आणि किती असलं पाहिजे हे कायद्याने ठरलेलं आहे आणि त्यासाठी एका मुलामागे रोज किती पैसे मिळतात हेही ठरलेलं आहे, त्यावर फारसं कोणी बोलत नाही. ते दोन आकडे कळले की अंड्याचा वाद पार वेगळा दिसायला लागतो, म्हणून हा लेख.

## आधी बेसिक: ही योजना कोणाची आणि कोणासाठी

गावात सगळे हिला नुसतं "खिचडी" म्हणतात. कागदावर आपल्याकडे ती शालेय पोषण आहार योजना होती आणि २०२१ पासून केंद्राने तिचं नाव प्रधानमंत्री पोषण शक्ती निर्माण, म्हणजे पीएम पोषण असं केलं. पहिली ते आठवीची मुलं, शाळा सरकारी, जिल्हा परिषदेची, नगरपालिकेची किंवा अनुदानित. खाजगी विनाअनुदानित शाळा यात नाहीत. सरकारी शाळांना जोडलेल्या बालवाटिकाही, म्हणजे पहिलीच्या आधीचे वर्ग, २०२१ नंतर यात धरल्या. अंगणवाडीचा आहार वेगळा, त्याचं खातंही वेगळं, लोक खूपदा दोन्ही एकच समजतात.

देशपातळीवर ही योजना १५ ऑगस्ट १९९५ ला सुरू झाली पण तेव्हा बहुतेक राज्यांत जेवण नव्हतंच, ८० टक्के हजेरी असली की महिन्याला ३ किलो धान्य घरी मिळायचं. आता तिशी-पस्तिशीत असलेल्या बऱ्याच जणांना शाळेतून पिशवीत तांदूळ घरी आणलेले आठवत असतील. शिजवलेलं गरम जेवण आलं ते सुप्रीम कोर्टामुळे. २००१ मध्ये राजस्थानात दुष्काळ होता, लोक उपाशी होते आणि सरकारी गोदामांत धान्य सडत होतं, त्यावर पीयूसीएल या नागरी हक्कांच्या संघटनेने याचिका केली. २८ नोव्हेंबर २००१ ला कोर्टाने सांगितलं की प्रत्येक सरकारी आणि अनुदानित प्राथमिक शाळेत शिजवलेलं जेवण द्या, रोज किमान ३०० कॅलरी आणि ८ ते १२ ग्राम प्रोटीन, वर्षातले किमान २०० दिवस. पुढे २०१३ च्या अन्नसुरक्षा कायद्यात हे आलं, म्हणजे दुपारचं जेवण हा त्या मुलाचा कायदेशीर हक्क झाला. सरकार खुश झालं म्हणून वाटलेली ही गोष्ट नाहीये, हे डोक्यात पक्कं असू द्या, कारण पुढचं सगळं त्यावर उभं आहे.

तमिळनाडू मात्र या सगळ्याच्या खूप आधीपासून पुढे होतं. कामराज मुख्यमंत्री असताना १९५० च्या दशकात तिथे शाळेत जेवण सुरू झालं आणि १९८२ मध्ये एम. जी. रामचंद्रन यांनी ते फार मोठ्या प्रमाणावर नेलं. आज तिथे प्राथमिक शाळेत सकाळचा नाश्ताही मिळतो.

## ४५० कॅलरी म्हणजे ताटात नक्की किती?

कॅलरी म्हणजे अन्नातून शरीराला मिळणारी ताकद मोजायचं माप. प्रोटीन म्हणजे प्रथिनं, ज्यातून स्नायू, रक्त, सगळी वाढ होते. निकष म्हणजे सरकारने ठरवलेली कमीत कमी मर्यादा, याच्या खाली जायचं नाही. बस, एवढे तीन शब्द पुरतात.

निकष असा आहे: पहिली ते पाचवीच्या मुलाला रोज ४५० कॅलरी आणि १२ ग्राम प्रोटीन, सहावी ते आठवीच्या मुलाला ७०० कॅलरी आणि २० ग्राम प्रोटीन. ते कशातून द्यायचं हेही लिहिलंय. लहान मुलाला १०० ग्राम तांदूळ (किंवा दुसरं धान्य), २० ग्राम डाळ, ५० ग्राम भाजी, ५ ग्राम तेल. मोठ्याला १५० ग्राम धान्य, ३० ग्राम डाळ, ७५ ग्राम भाजी, साडेसात ग्राम तेल. हे सगळं कच्चं वजन आहे. तांदूळ शिजला की अडीच-तीन पट होतो त्यामुळे १०० ग्राम तांदळाचा भात ताटात चांगला ढीग दिसतो, पहिलीतलं पोरगं तो संपवतच नाही कितीतरी वेळा.

आता हिशोब करू. १०० ग्राम तांदळातून साधारण ३५० कॅलरी मिळतात. २० ग्राम डाळीतून पासष्ट-सत्तर. ५ ग्राम तेलातून ४५. भाजीतून दहा-वीस. झाले पावणेपाचशे, म्हणजे निकषापेक्षा थोडे जास्तच. प्रोटीनचं बघा, तांदळातून साडेसात-आठ ग्राम, डाळीतून चार-साडेचार, बारा ग्राम होतात. कागदावर सगळं बरोबर आहे आणि हे काही लबाडीने बसवलेलं नाही. भात आणि डाळ एकत्र खाण्यालाही अर्थ आहे, तांदळाच्या प्रोटीनमध्ये जो भाग कमी पडतो तो डाळीत भरपूर असतो आणि डाळीत जो कमी पडतो तो तांदळात, म्हणून खिचडी किंवा वरण-भात हे गरिबाचं खाणं असलं तरी अक्कलहुशारीचं खाणं आहे.

पण जरा नीट बघितलं तर चारातल्या जवळपास तीन कॅलरी एकट्या तांदळातून आल्यात. आणि प्रोटीनचाही अर्ध्याहून मोठा वाटा तांदळाचाच आहे.

## मग तांदळाने पोट भरलं तर बिघडलं कुठे?

हे परीक्षेतल्या पासिंगसारखं आहे. एखादा मुलगा एकाच विषयात पैकीच्या पैकी मार्क पाडतो आणि एकूण टक्केवारीत पास दिसतो, पण बाकीच्या विषयांत तो नापास असतो आणि निकालपत्रावर ते विषय छापलेलेच नसतात. कॅलरीचा निकष तांदूळ एकटा बऱ्यापैकी ओढून नेतो. लोह, जीवनसत्त्व अ, बी-१२, झिंक, कॅल्शियम हे विषय मात्र आकड्यात नाहीत. लोह, फॉलिक ॲसिड, जीवनसत्त्व अ यांच्यापुढे योजनेच्या निकषांत बरीच वर्षं फक्त "पुरेशा प्रमाणात" एवढंच लिहिलेलं असायचं, आणि पुरेसं म्हणजे किती हे मोजणार कोण?

आणि आपल्या मुलांची खरी कमतरता नेमकी तिथेच आहे. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात महाराष्ट्रातली पाच वर्षांखालची ६८.९ टक्के मुलं रक्तक्षय असलेली निघाली, म्हणजे अंगात रक्त कमी, आणि वयाच्या मानाने उंची कमी असलेली ३५.२ टक्के. १५ ते १९ वयाच्या मुलींमध्ये रक्तक्षय ५७.२ टक्के. म्हणजे पोरगी शाळेत येण्याआधी रक्त कमी आणि शाळा सोडताना पण रक्त कमी. मधली आठ वर्षं ती रोज दुपारी सरकारच्या ताटात जेवते. त्या आठ वर्षांत आपण तिला काय वाढतो, हा माझ्या मते या राज्यातल्या सगळ्यात महत्त्वाच्या प्रश्नांपैकी एक आहे आणि त्याची चर्चा निवडणुकीत कधी ऐकू येत नाही.

अजून एक खोच. पहिली ते पाचवी सगळ्यांना एकच निकष. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेने २०२० मध्ये ठरवलेल्या आकड्यांनुसार ४ ते ६ वर्षांच्या मुलाला दिवसाला साधारण १३६० कॅलरी लागतात, ७ ते ९ च्या मुलाला १७००, आणि १० ते १२ च्या मुलीला २०६०. मग तेच ४५० कॅलरीचं ताट पहिलीतल्या पोराला दिवसाच्या गरजेचा तिसरा हिस्सा देतं आणि पाचवीतल्या दहा वर्षांच्या मुलीला पाचवा हिस्सा किंवा थोडंसं जास्त. लहानाचा भात टाकला जातो आणि मोठी परत मागायला येते. वाढणाऱ्या मावशींना हे रोज दिसतं आणि त्या अंदाजाने इकडचं तिकडे करतात, तेच बरोबर आहे.

## रोजचे ६ रुपये ७८ पैसे

आता पैशाकडे येऊ, सगळ्याची मेख इथे आहे. तांदूळ केंद्र सरकार फुकट देतं, अन्न महामंडळाच्या गोदामातून. बाकी डाळ, भाजी, तेल, मीठ-मसाला आणि इंधन या सगळ्याला मिळून जी रक्कम मिळते तिला साहित्य खर्च म्हणतात. १ मे २०२५ पासून लागू झालेला दर आहे पहिली ते पाचवीच्या मुलामागे रोज ६ रुपये ७८ पैसे आणि सहावी ते आठवीसाठी १० रुपये १७ पैसे. त्यातले ६० टक्के केंद्र देतं, ४० टक्के राज्य. राज्यांना वाटलं तर ती स्वतःच्या खिशातून जास्त घालू शकतात, काही घालतातही.

दुकानातला भाव लावून बघा. डाळ १२० रुपये किलो धरली तर २० ग्रामचे होतात २ रुपये ४० पैसे. भाजी ४० रुपये किलो धरली तर ५० ग्रामचे २ रुपये. तेल १५० धरलं तर ५ ग्रामचे पाऊण रुपया. झाले पाच रुपये पंधरा पैसे. उरलेल्या दीड रुपयात हळद, तिखट, मीठ, जिरं-मोहरी आणि गॅस. तूरडाळ दीडशेच्या पुढे गेली किंवा पावसाळ्यात भाजी ८० ला गेली की गणित तिथेच कोसळतं, आणि ते दरवर्षी होतंच. दर वाढवतात ते ग्रामीण मजुरांच्या महागाई निर्देशांकावर, पण ते अधूनमधून: ऑक्टोबर २०२२ मध्ये ५.४५ ठरले ते थेट डिसेंबर २०२४ मध्ये ६.१९ झाले. मधली सव्वादोन वर्षं भाव काय थांबले होते का?

तुटवडा आला की काय कमी होतं बघा. तांदूळ कमी होत नाही कारण तो पोत्यातून येतो, फुकट येतो. कमी होते डाळ, पातळ होते आमटी, भाजीत बटाटा वाढतो. म्हणजे पोट भरायचं काम सुरू राहतं आणि रक्त वाढवणारं जे होतं नेमकं तेच ताटातून निघून जातं. शाळेवर चिडून काही होत नाही, दर तसाच ठेवला की ते होणारच.

आपल्याकडे ग्रामीण भागात बऱ्याच ठिकाणी तांदूळ, कडधान्यं, तेल, मसाला हे पुरवठादार शाळेत पोचवतो आणि भाजीचे व इंधनाचे पैसे शाळेला वेगळे मिळतात. ते पैसे महिनोन् महिने उशिरा येतात हे कोणत्याही मुख्याध्यापकाला विचारा. तोपर्यंत किराणा दुकानात उधारी नाहीतर गुरुजींचा खिसा. शहरात चित्र वेगळं, तिथे मोठं केंद्रीय स्वयंपाकघर असतं, बचत गट किंवा संस्था शिजवतात आणि गाडीने डबे येतात, त्यात खर्च बसतो पण जेवण गार होतं.

## १२ मुलांच्या शाळेत काय होतं?

हे मुद्दाम वेगळं लिहितोय कारण याकडे कोणाचंच लक्ष जात नाही. दर हा मुलामागे आहे. ४०० मुलांच्या शाळेला दिवसाला २७०० च्या आसपास रुपये मिळतात, त्यात घाऊक भाजी येते, मोठी शेगडी, एकदाच फोडणी. डोंगरातल्या १२ मुलांच्या वस्तीशाळेला मिळतात ८१ रुपये. १२ जणांचा भात शिजवायला गॅस काही ४०० मुलांच्या तेहेतिसाव्या हिश्शाइतका लागत नाही, बराच जास्त लागतो. भाजी आठवडी बाजारातून आणायची तर येण्याजाण्याचं भाडंच परवडत नाही. म्हणजे जी मुलं सगळ्यात लांब, सगळ्यात गरीब, बऱ्याचदा आदिवासी पाड्यावरची, त्यांच्याच ताटात हा दर सगळ्यात कमी पोषण टाकतो. लहान शाळांना मुलांच्या संख्येवर नाही तर शाळेमागे काहीतरी ठराविक जादा रक्कम द्यायला हवी असं माझं स्पष्ट मत आहे.

आणि शिजवणाऱ्या बायका. २५ मुलांपर्यंत एक, १०० पर्यंत दोन, पुढे दर शंभराला एक असा नियम. केंद्राने त्यांचं मानधन २००९ मध्ये महिना १००० रुपये ठरवलं, तेही वर्षाचे दहा महिने, आणि तो आकडा नंतर हललाच नाही. राज्यं आपली भर घालतात, महाराष्ट्रात वाढत वाढत ते २५०० पर्यंत आलं. तरी रोजचे शे-सव्वाशे रुपये झाले. त्यात पाणी भरणं, निवडणं, शिजवणं, वाढणं, भांडी घासणं, वर तक्रार आली की पहिलं नाव त्यांचंच.

## अंडं द्यायचं की नाही, यात पोषणाचं म्हणणं काय?

एका अंड्यात साधारण ६ ग्राम प्रोटीन असतं आणि ते शरीराला लगेच वापरता येतं, शिवाय बी-१२ आणि जीवनसत्त्व अ. ज्या विषयांत आपलं ताट नापास होतं त्यातले बरेच विषय हे एक अंडं सुधारतं. वर ते सोलल्याशिवाय खाता येत नाही म्हणून त्यात पाणी घालता येत नाही, मापात मारता येत नाही, एका मुलाला एक पोचलं की पोचलं. हा फायदा मला फार मोठा वाटतो.

केळं चांगलंच आहे पण त्यात प्रोटीन ग्रामभर आणि बी-१२ नाहीच, त्यामुळे अंड्याच्या बदल्यात केळं हे बरोबरीचं होत नाही. जी मुलं अंडं खात नाहीत त्यांच्यावर जबरदस्ती करायचा प्रश्नच येत नाही, त्यांच्या घरच्या चालीरीतीचा मान ठेवायलाच हवा, पण मग त्यांना पेलाभर दूध द्या, २०० मिलीत ६ ग्रामच्या आसपास प्रोटीन आणि बी-१२ पण मिळतं. शेंगदाण्याची चिक्की प्रोटीनला चालेल, बी-१२ ला नाही. शाकाहारी मुलालाही तितकंच पोषण मिळायला हवं, नुसता काहीतरी पर्याय दिल्याचं समाधान नको.

पण खरा अडथळा धर्माचा कमी आणि पैशाचा जास्त आहे. २०२३ मध्ये सरकारने अंड्याला ५ रुपये धरले होते. लहान मुलाचा सगळा दिवसाचा साहित्य खर्च ६.७८ आणि एक अंडं ५ ते ७ रुपये, म्हणजे वेगळे पैसे दिल्याशिवाय अंडं ताटात येऊच शकत नाही, कितीही इच्छा असली तरी. "लोकसहभागातून करा" याचा अर्थ जिथे गावात देणारे आहेत तिथे अंडं आणि जिथे सगळंच गाव मजुरीवर जातं तिथे काही नाही. तमिळनाडूत शाळेच्या प्रत्येक दिवशी अंडं मिळतं. कर्नाटकात २०२४ पासून अझीम प्रेमजी फाउंडेशनच्या मदतीने आठवड्याचे सहा दिवस द्यायला घेतलं. मग महाराष्ट्राला ते का जमू नये?

## तांदळात प्लास्टिक आहे का?

नाही. ही अफवा इतकी पसरलीये की काही ठिकाणी पालकांनी पोरांना खिचडी खाऊ नका म्हणून सांगितलं, म्हणून नीट सांगतो. १५ ऑगस्ट २०२१ ला जाहीर झालं की सरकारी योजनांमधला तांदूळ पोषणतत्त्वं मिसळून दिला जाईल, आणि तो टप्प्याटप्प्याने शाळांत आला. करतात असं: तांदळाचंच पीठ घ्यायचं, त्यात लोह, फॉलिक ॲसिड, बी-१२ मिसळायचं आणि मशीनमधून परत तांदळाच्या आकाराचे दाणे काढायचे. असा एक दाणा शंभर साध्या दाण्यांमागे मिसळतात. तो रंगाने जरा वेगळा, गुळगुळीत दिसतो, धुताना कधी वर तरंगतो, म्हणून लोकांना प्लास्टिक वाटतं. ते दाणे वेचून फेकले की नेमकं लोह फेकलं जातं.

पण याने सगळं सुटेल असंही धरू नका. नियमाप्रमाणे १०० ग्राम तांदळात यातून तीन-चार मिलिग्रामच्या आसपास लोह मिळतं, ते मदतीला ठीक आहे पण रक्तक्षय नुसत्या लोहाने होत नाही, जंतांमुळे होतो, बी-१२ कमी असल्याने होतो, सततच्या आजारपणानेही होतो. म्हणून शाळेत वर्षातून दोनदा जंताची गोळी आणि आठवड्याला लोहाची गोळी असते, लहानांना गुलाबी, मोठ्यांना निळी. सिकलसेल आणि थॅलेसेमिया या रक्ताच्या आनुवंशिक आजारांच्या रुग्णांसाठी अशा तांदळाच्या पाकिटांवर आधी इशारा छापायचे, तज्ज्ञांच्या समितीने तपासून धोका नाही म्हटल्यावर २०२४ मध्ये तो काढला. विदर्भात, नंदुरबारकडे सिकलसेल असलेली कुटुंबं बरीच आहेत, त्यांच्या मनात शंका असेल तर तिला वेड्यात काढू नका, आरोग्य केंद्रात डॉक्टरांना विचारून घ्या.

## "एवढं कशाला, पैसे सरळ खात्यात टाका"

हे खूप जण म्हणतात आणि ऐकायला सोपं वाटतं. लहान मुलाचे दिवसाचे ६.७८ आणि २०० दिवस धरले तर वर्षाचे १३५६ रुपये होतात. महिन्याला शंभर-सव्वाशे. ते घरात आले की घराच्या खर्चात जाणार, आई-बापाची चूक नाही त्यात, पण त्या पैशाची डाळ त्याच पोरीच्या ताटात, दुपारीच, भावाइतकीच पडेल याची खात्री कोण देणार? १९९५ पासून धान्य घरी देऊन बघितलंच होतं, त्यानंतरच कोर्टाला "शिजवून द्या" म्हणावं लागलं. करोनात शाळा बंद असताना कोरडं धान्य आणि काही पैसे दिले ते गरज होती म्हणून ठीक, कायमचा मार्ग म्हणून नाही. आणि सगळ्या जातीची पोरं एका ओळीत बसून एका बाईच्या हातचं खातात, याला खात्यावरच्या रकमेत किंमत लावता येत नाही.

## "शाळा शिकायला असते, जेवायला नाही"

सकाळी आई-बाप मजुरीला, ऊसतोडीला गेलेले, पोरगं चहा पिऊन शाळेत आलेलं, त्याच्या डोक्यात अकरानंतर पाढे कसे शिरतील? गरम जेवण सुरू झाल्यावर शाळेत येणाऱ्या मुलांची, खास करून मुलींची संख्या वाढली हे वेगवेगळ्या अभ्यासांत दिसलंय. त्याहून मोठी गोष्ट २०२१ मध्ये नेचर कम्युनिकेशन्स या संशोधन नियतकालिकात आली. ज्या भागांत मुलींना लहानपणी शाळेत हे जेवण मिळालं, त्या मुली मोठ्या होऊन आई झाल्या तेव्हा त्यांच्या बाळांची उंची वयाच्या मानाने जास्त भरली. खिचडी खाल्ली आईने आणि फरक दिसला लेकराच्या उंचीत. कोणती दुसरी सरकारी योजना दोन पिढ्या पोचते?

शिक्षकांची तक्रार मात्र खरी आहे. रोजची हजेरी ॲपवर भरा, साठा नोंदवही लिहा, चव नोंदवही लिहा, बिलं जोडा, यात दोन शिक्षकांच्या शाळेत एकाचा तास रोज जातो. जेवण बंद करणं हा त्याचा उपाय नाही, हिशोबाला वेगळा माणूस देणं हा आहे.

## विषबाधा झाली तर?

१६ जुलै २०१३ ला बिहारच्या सारण जिल्ह्यात गंडामन गावात शाळेचं जेवण खाऊन २३ मुलं गेली, अन्नात मोनोक्रोटोफॉस नावाचं कीटकनाशक होतं. त्यानंतर नियम कडक झाले. मुलांना वाढण्याआधी शिक्षकाने चव घेऊन नोंद करायची, धान्य बंद आणि कोरड्या जागी ठेवायचं, नमुने प्रयोगशाळेत तपासायचे. चव नोंदवहीवर महिनाअखेरीला एकदम सह्या मारणाऱ्या शाळा आहेत आणि तो निव्वळ कागदी खेळ नाहीये, त्या सहीमागे मुलांचा जीव आहे.

## आठवीनंतर भूक लागत नाही का?

योजना शिक्षण हक्काच्या ६ ते १४ वयाला बांधलेली आहे म्हणून ती आठवीला थांबते. पण मुलींना रक्ताची सगळ्यात जास्त गरज लागते ती पाळी सुरू झाल्यावर, आणि शाळा सुटायचं प्रमाणही नववी-दहावीतच वाढतं. नववी-दहावीला ही योजना लावली पाहिजे. पैसे लागतील, लागू देत.

## तुम्ही पालक असाल तर काय बघायचं

मुलाला "आज काय होतं" एवढंच विचारू नका, आमटीत डाळ दिसत होती का, पालेभाजी आठवड्यात कितीदा आली, पोट भरलं का हे विचारा. आठवड्याचा मेनू शाळेत लावलेला असायला हवा. शाळा व्यवस्थापन समितीत पालक असतात, त्या बैठकीला जाऊन साठा नोंदवही बघायचा हक्क आहे, मुलं ६० असताना किती डाळ निघायला हवी हे आता तुम्हाला २० ग्रामने गुणून काढता येईल: १ किलो २०० ग्राम.

आणि हे फार थोड्यांना माहितीये: या योजनेच्या २०१५ च्या नियमांप्रमाणे धान्य नाही, पैसे नाहीत, गॅस नाही, मावशी आल्या नाहीत अशा कोणत्याही कारणाने शाळेच्या दिवशी जेवण मिळालं नाही, तर त्या दिवसाचं धान्य आणि साहित्य खर्चाचे पैसे अन्नसुरक्षा भत्ता म्हणून पुढच्या महिन्याच्या १५ तारखेपर्यंत मुलाला मिळायला हवेत. सलग तीन दिवस किंवा महिन्यात पाच दिवस जेवण चुकलं तर राज्य सरकारने जबाबदारी कोणाची ते ठरवायचं असतं. अर्ज आधी मुख्याध्यापकांकडे, मग पंचायत समितीत गटशिक्षणाधिकाऱ्यांकडे, लेखी द्या, तारखा लिहा, पोच घ्या. अर्जात मुख्याध्यापकांवर राग काढू नका, भाजी-इंधनाचे पैसे शाळेला शेवटचे कोणत्या महिन्याचे मिळाले हा प्रश्न त्यात जरूर टाका, कारण बऱ्याचदा जेवण का चुकलं याचं उत्तर तिथेच सापडतं.